चार बोटांचं अंतर

बालाघाटच्या माथ्यावर, भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या डोंगरावर कुलभूषण आणि देशभूषण हे दोघे जैन मुनी, सख्खे भाऊ, मूर्तिरूपाने शेजारी शेजारी उभे आहेत. मूर्तिकलेचा चोखंदळ अभ्यासक इथे फार रेंगाळणार नाही. वेरूळच्या बत्तिसाव्या लेण्यातला बाहुबली त्याला जवळचा वाटेल, कारण तिथे अंगावर चढलेली वेल आहे, पायाशी वारूळ आहे, कारागिराने पाषाणात पेरलेली गोष्ट आहे. धाराशिवच्या लेण्यांतला पार्श्वनाथ बसलेला आहे, त्याची ऐसपैस मांडी बघत राहावी अशी आहे. कुंथलगिरीला असलं काही नाही. दोन देह उभे आहेत, इतकंच. बहुतेक माणसं हात जोडतात, प्रदक्षिणा घालतात आणि खाली उतरून खव्याच्या पेढ्याकडे वळतात. त्यात काही चूक नाही, पेढा खरोखर उत्तम असतो. पण कवितेची एखादी साधी ओळ पुन्हा पुन्हा वाचावी तसं हे उभं राहणं वाचलं, तर त्यात बरंच काही भरून ठेवलेलं सापडतं.

या उभं राहण्याला कायोत्सर्ग म्हणतात. दिगंबर परंपरेतल्या ‘मूलाचार’ या प्राकृत आचारग्रंथात साधूच्या सहा आवश्यक कर्मांतलं ते सहावं आहे आणि त्याची मापं तिथे ठरवून दिलेली आहेत. दोन्ही पावलं समांतर, मध्ये चार अंगुळांचं अंतर. हात खाली सोडलेले. अंगाची हालचाल नाही. नजर नाकाच्या शेंड्यावर.

चार बोटांचं अंतर म्हणजे काय, ते स्वतः उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पावलं याहून लांब ठेवली की पैलवानाचा पवित्रा होतो; मांड्या आपोआप ताठतात, अंग कुणाला तरी तोंड द्यायला तयार होतं. पावलं अगदी जुळवली की तोल सांभाळण्यातच सगळं लक्ष जातं. चार बोटांवर देहाला धड पळताही येत नाही, धड भिडताही येत नाही, आणि तो पडतही नाही. हातांचं तसंच. दिवसभर आपले हात कशाला तरी धरून असतात: पिशवी, मोबाइल, कमरेचा आधार, काहीच नसेल तर पाठीमागे एकमेकांना. इथे त्यांना कामच नाही. ते लोंबतात आणि थोड्याच वेळात खांद्यांना कळतं की इतका वेळ आपण विनाकारण वर उचललेले होतो. पाटण्याजवळच्या लोहानीपूरला १९३७ मध्ये सापडलेलं, मौर्यकाळातलं मानलं जाणारं ते प्रसिद्ध धड आठवा. डोकं नाही, हात तुटलेले, पाय गुडघ्यांवरच संपलेले. तरीही तो देह कायोत्सर्गातला आहे हे जाणकार ओळखतात. खांद्यांतून हात कसे सुटले होते, ते उरलेल्या दगडाला अजून ठाऊक आहे.

राहिली नजर. तिच्यासाठी कुलभूषण-देशभूषणांची गोष्ट सांगायला हवी. सातव्या शतकातल्या रविषेणाच्या संस्कृत ‘पद्मपुराणा’त ती आहे. राजा क्षेमंकर आणि राणी विमला यांचे हे मुलगे. लहान वयातच ते सागरघोष नावाच्या गुरूच्या हवाली झाले आणि विद्येत इतके बुडाले की घरची माणसंही त्यांना अनोळखी राहिली. मोठे झाल्यावर लग्नाची बोलणी निघाली. नगरातून जाताना एका झरोक्यात त्यांना एक मुलगी दिसली. दोघांचंही मन तिच्यावर बसलं. लोक गोष्ट सांगतात तेव्हा तर दोघं तिच्यासाठी एकमेकांशी लढायलाही तयार झाले होते. तेवढ्यात स्तुतिपाठक राजघराण्याचा जयजयकार करू लागला आणि त्यात झरोक्यातल्या राजकन्येचंही नाव आलं. ती त्यांची सख्खी बहीण, कमलोत्सवा. दोघं तिथूनच वनात गेले आणि मुनी झाले.

ही गोष्ट प्रवचनात सांगतात ती वैराग्याची म्हणून. मला ती देहाची वाटते. विद्या सगळी शिकून झाली होती. कमी होतं ते आपल्याच डोळ्यांच्या वेगाचं भान. ओळख पटायच्या आत डोळे धावले, पाठोपाठ मन धावलं, आणि मग मुठी वळल्या. आता डोंगरावरच्या मूर्तीकडे पुन्हा पाहा. डोळे अर्धे मिटलेले, नजर नाकाच्या शेंड्यावर, म्हणजे स्वतःच्याच देहाच्या सर्वांत जवळच्या दिसणाऱ्या टोकावर. ते ना आत वळलेले, ना बाहेर गेलेले. मुठी उघड्या. पाय जागच्या जागी. झरोक्याखाली ज्या क्रमाने अंग बिघडलं, त्याच क्रमाने इथे ते एकेक करून जागेवर आणलं आहे. दोन भाऊ आहेत हेही महत्त्वाचं. एकाने दुसऱ्याकडे पाहायचं नाही, पण दुसरा शेजारी आहे हे दोघांनाही ठाऊक आहे. ज्याच्याशी भांडायला निघालो होतो त्याच्याच बाजूला मुकाट उभं राहणं, याला उपचार म्हणायला माझी हरकत नाही.

गोष्टीचा पुढचा भाग तर विलक्षणच आहे. राम, लक्ष्मण आणि सीता फिरत फिरत त्या प्रदेशात येतात. डोंगरावरून रात्री येणाऱ्या भयंकर आवाजाला घाबरून लोक संध्याकाळ व्हायच्या आत गाव सोडून चाललेले असतात. हे तिघे मात्र वर चढतात. वर दोन मुनी कायोत्सर्गात उभे आणि अंगावर साप-विंचू. राम-लक्ष्मण ते दूर करतात, मुनींचे पाय धुतात. मग राम वीणा वाजवतो आणि सीता नाचते. रात्री पूर्वजन्मीचा वैरी असलेला देव घोर उपद्रव मांडतो, राम-लक्ष्मण त्याला पिटाळून लावतात आणि मुनींना केवलज्ञान होतं. ‘निर्वाणकांडा’त या दोघांच्या मोक्षाची जागा म्हणून हाच गिरी सांगितला आहे.

सीतेचा तो नाच मला सोडवत नाही. वैराग्याची कथा सांगणारा कवी मुनींपुढे बाईला नाचवतो, आणि तेही झरोक्यातल्या मुलीच्या प्रसंगामुळे मुनी झालेल्यांपुढे! कविता अशा ठिकाणी कळते. एक देह पूर्ण थांबलेला, एक पूर्ण हलणारा, आणि कवीच्या लेखी दोन्ही एकाच पूजेचे भाग. थांबलेल्या देहाला आता हलणाऱ्या देहाची भीती राहिलेली नाही, हे त्याने एका शब्दानेही न सांगता दाखवलं.

धाराशिव जिल्ह्याच्या स्वभावालाही ते धरून आहे. तेरला गोरोबाकाका पायांनी चिखल तुडवता तुडवता नामात हरपले, ही आठवण गावाने जपली आहे. त्या हरपण्यात पायाखाली पोटचं मूल गेलं, हेही गाव विसरलेलं नाही. तुळजापूरला संबळ वाजला की आराध्यांचं अंग आपसूक डुलायला लागतं. आषाढात टाळ घेऊन पावली खेळणाऱ्यांच्या पायांनी हा मुलूख दरवर्षी तुडवला जातो. हलून मोकळं होण्याची वाट इथे घरोघर ठाऊक आहे. थांबून मोकळं होण्याची वाट मात्र भूमच्या या टेकाडावर, मुख्यतः सैतवाळ आणि इतर जैन कुटुंबांच्या सांभाळात राहिली आणि बाकीच्यांनी ती फारशी पाहिली नाही.

आता खऱ्या मजेकडे येतो. ‘मूलाचारा’त आणि नंतरच्या आचारग्रंथांत कायोत्सर्गाचे बत्तीस दोष सांगितले आहेत. नियमांची यादी म्हणून कुणी ती वाचायला घेतली तर कंटाळेल. देह निरखणाऱ्या एका तल्लख माणसाची टिपणवही म्हणून वाचली तर हसू येतं आणि मग आपणच त्यात सापडतो. घोटक म्हणजे घोड्यासारखा एक पाय ढिला सोडून उभा राहणारा. बसथांब्यावर आपण सगळे घोटकच. लता म्हणजे वेलीसारखा डोलणारा. स्तंभ आणि कुड्य म्हणजे खांबाला नाहीतर भिंतीला टेकणारे. वायस कावळ्यासारखा डोळ्यांच्या कडेने इकडेतिकडे बघतो. खलीन म्हणजे लगाम टोचणाऱ्या घोड्यासारखा दात खाणारा, मान झटकणारा. युग म्हणजे जू खांद्यावर आलेल्या बैलासारखी मान पुढे काढणारा. कपित्थ म्हणजे हातात कवठ धरल्यासारखी मूठ वळणारा. कुणी भुवया नाचवतो, कुणी मुक्यासारखी तोंडाने खूण करतो, कुणी बोटांवर मोजतो, कुणी दारू प्यायल्यासारखा झुलतो.

कवठाची मूठ पाहा. ही मूठ रागाची नाही, पुरती मिटलेलीही नाही. आत काहीच नसताना काहीतरी धरून ठेवल्यासारखी बोटं आत वळलेली असतात. प्रवासात झोपलेल्या माणसांचे हात बघावेत, निम्मे कवठ धरून असतात. आणि जुवाची मान? संगणकापुढे दिवस काढणाऱ्या पिढीच्या मानेचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या व्यायामाच्या पुस्तकात वाचलेलं नाही. ग्रंथकाराने बैल पाहिला होता. खांद्यावरून जू उतरल्यावरही बैलाची मान काही काळ तशीच राहते, हेही त्याने पाहिलं असणार. सगळ्याच उपमा निर्मळ आहेत असं नाही. हातांनी अंग झाकणाऱ्याला ‘शबरवधू’ म्हणण्यात वनवासी बाईकडे वरून बघणारी जुनी नजर आहे आणि ती आज खटकलीच पाहिजे. मात्र लाजेने हात कुठे जातात हे पकडणारं निरीक्षण अचूक आहे.

या यादीतली सगळ्यात सूक्ष्म गोष्ट म्हणजे तिचा सूर. हे दोष आहेत, पापं नाहीत. घोटक झालास तर नरकात जाशील असा दम तिथे नाही. देह काय करतो ते बघ, ओळख, त्याला नाव दे आणि पुन्हा चार बोटांवर ये. विसाव्या शतकात एल्सा गिंडलरने युरोपात आणि पुढे मोशे फेल्डनक्राइसने देहाच्या नकळत लागलेल्या सवयी हळूच जाणिवेत आणण्याच्या पद्धती मांडल्या. त्यांची आज जगभर शिबिरं होतात. त्या शिबिरांत जाऊन आलेली आपली माणसं खांदा कुठे धरून ठेवला होता, जबडा कसा आवळलेला होता, याचं नव्या शोधासारखं वर्णन करतात. त्यांनी जरूर जावं. फक्त एकदा कवठाची मूठ आणि जुवाची मानही वाचावी. आपल्याकडे १९७५ पासून आचार्य महाप्रज्ञांच्या प्रेक्षाध्यानामुळे कायोत्सर्ग पुष्कळांना माहीत झाला, पण तो बहुधा झोपून, पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेक अवयव सैल सोडत जाण्याचा. त्याने ताण उतरतो, झोप चांगली लागते. उभ्या कायोत्सर्गाची जात वेगळी आहे. झोपलेल्या देहाला पडायची भीती नसते. उभ्याला सैलही व्हायचं असतं आणि कोसळायचंही नसतं. या दोन्हींच्या मधली जागा शोधण्यातच त्याचा सगळा रस आहे.

शरीरशास्त्रही इथे थोडं ऐकावं. जिवंत माणूस पूर्ण स्तब्ध कधीच उभा राहत नाही. त्याचा तोल सतत किंचित पुढे-मागे होत असतो आणि पोटऱ्यांचे स्नायू त्याला ओढून पुन्हा जागेवर आणत असतात. पाय फार वेळ ताठ ठेवले तर रक्त खाली साचतं आणि भोवळ येते. संचलनात ताठ उभे असलेले जवान कोसळतात ते यामुळेच. म्हणून मूर्तीची नक्कल करायला जाऊ नये. मूर्ती दगडाची आहे, तिला रक्ताभिसरण नाही. पोटऱ्यांची ही बारीक कुरबुर बत्तीस दोषांत कुठेही नाही. ती थांबवणं कुणाच्या हातात नसतं, हे बहुधा ग्रंथकारांना माहीत होतं.

हा कायोत्सर्ग सुटा येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. सामायिक, म्हणजे नित्याची ध्यानसाधना, करणारा श्रावक आधी उभा राहतो, नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणतो, मग जोडलेले हात डावीकडून उजवीकडे तीनदा फिरवतो आणि एकदा मस्तक झुकवतो. तिथून वळून दुसरी दिशा, मग तिसरी, मग चौथी. चार दिशांना मिळून बारा आवर्त आणि चार शिरोनती. लांबून पाहिलं तर संथ, मोजका नाच वाटावा. त्यानंतर किमान एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं, बैठक. आधी दिशा एकेक करून नमस्कारून ठेवायच्या, म्हणजे नंतर कुठल्याच दिशेला बघायची ओढ उरत नाही, अशी मी याची संगती लावतो. शास्त्रात कारण वेगळं दिलेलं असेल, तरी करताना अंगाला पटतं ते हेच.

कुंथलगिरीचं नाव जैन घरांत आणखी एका कारणाने घेतात. बेळगाव जिल्ह्यातल्या भोजच्या पाटील घराण्यातले आचार्य शांतिसागर यांनी १९५५ मध्ये इथे सल्लेखना, म्हणजे अन्न सोडून देह ठेवण्याची दीक्षा, घेतली. १४ ऑगस्टला ती सुरू झाली आणि १८ सप्टेंबरच्या सकाळी, छत्तिसाव्या दिवशी त्यांचा देह शांत झाला. कारण सांगितलं जातं ते डोळ्यांचं. साधूने चालताना पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकायचं असतं, म्हणजे पायाखाली जीव जाणार नाही. डोळे अधू झाल्यावर ती चार हात जमीन दिसेना. दोन भावांची गोष्ट जिथे डोळ्यांपासून सुरू होते, तिथेच एका वृद्ध साधूची गोष्ट डोळ्यांपाशी संपते. याला कुणी बरं होणं म्हणेल तर मी मान डोलावणार नाही. देह सोडण्याला उपचाराचा शब्द लावणं मला धोक्याचं वाटतं. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्यावर, म्हणजे याच व्रतावर, बंदी घातली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. आदर आणि अस्वस्थता या प्रश्नात दोन्हींना जागा आहे. मला इथे धरून ठेवण्यासारखं वाटतं ते त्यांचं ८ सप्टेंबरचं बोलणं. इतक्या दिवसांच्या उपवासानंतर ते मराठीत बोलले आणि ते ध्वनिमुद्रित झालं. मोठमोठ्या व्रतांचा मुनी शेवटी संसारी माणसांपुढे फार छोटी मागणी ठेवतो: दिवसातल्या थोड्या घटका, त्याही जमत नसतील तर निदान काही मिनिटं, स्वतःकडे बघा.

काही मिनिटं म्हणजे किती, याचं जुनं माप श्वासांचं आहे. णमोकाराची पाच पदं तीन श्वासांत म्हणायची: दोन एका श्वासात, दोन दुसऱ्यात, उरलेलं एक तिसऱ्यात. नऊ मंत्रांचे असे सत्तावीस श्वास होतात. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण बारा ते अठरा श्वास घेतो, म्हणजे हा झाला दोन मिनिटांच्या आतबाहेरचा हिशेब. डोंगरावर गर्दीच्या दिवशी नऊ णमोकार ज्या वेगाने उरकले जातात तो वेग पाहता दोन श्वासांतही ते बसत असावेत. ग्रंथ मात्र श्वासांच्या बाबतीत काटेकोर आहेत. रात्रीच्या प्रतिक्रमणाला, म्हणजे झालेल्या दोषांच्या उजळणीला, चोपन्न, दिवसाच्या प्रतिक्रमणाला एकशे आठ, पंधरवड्याला तीनशे, चातुर्मासाला चारशे, वर्षाला पाचशे. एका गावाहून दुसऱ्या गावी जाऊन आलं तरी पंचवीस. शेवटचं मला विशेष आवडतं. प्रवासाने अंग विस्कटतं आणि ते पुन्हा गोळा करायला पंचवीस श्वास लागतात, हे त्यांनी मोजून ठेवलं होतं.

पाचशे श्वास म्हणजे अर्धा-पाऊण तास उभं राहणं. कुंथलगिरीला पर्युषणात येणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना ते शक्य नाही. त्यांच्यासाठी ग्रंथात एक तरतूद आहे आणि ती करताना ग्रंथकाराने उभ्यांचीही परीक्षा घेतली आहे. कायोत्सर्गाचे चार प्रकार त्याने मांडले. देह उभा आणि ध्यानही उंचावलेलं, तो उत्थित-उत्थित. देह उभा पण मन हव्यास आणि रागात बसकण मारलेलं, तो उत्थित-निविष्ट. देहही बसलेला, मनही बसलेलं, तो उपविष्ट-निविष्ट. आणि देह बसलेला पण मन उठलेलं, तो उपविष्ट-उत्थित. पायऱ्या चढून दम लागलेली, मंडपात प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकलेली, हात मांडीवर सैल सोडून डोळे मिटलेली सोलापूरकडची आजी या चौथ्या प्रकारात असू शकते. तिच्या शेजारी ताठ उभा असलेला, एका डोळ्याने चपलांकडे बघणारा नातू दुसऱ्या प्रकारात मोडतो, शिवाय वायस हा दोष वेगळा.